मुका शनिवार

कीपर!

म्हणजे सोड, बॉल माझा आहे. हे गोलकीपर ओरडते. हा शब्द कानावर पडला की बचावपटूने पाय आवरायचे, मान खाली घालायची आणि मागच्या बाईवर विश्वास ठेवायचा.

माझं आडनाव कीफर.

खरं तर इथेच थांबायला हरकत नाही. सॉकर खेळलेल्या माणसाला पुढचं सगळं कळलं असेल, तो हसतही असेल. पण माझ्याकडे आज बराच वेळ आहे. गुडघ्यावर बर्फाची पिशवी आहे आणि मांडीवर क्लबने दिलेला कागद. कागदावर छापलंय: डार्सी कीफर, क्रमांक चार, सेंटर बॅक. अकरा मोसम. दोनशे तेरा सामने. तीन गोल. एक स्वयंगोल. खाली अर्धं पान कोरं. शनिवारी शेवटचा सामना, त्याआधी मनात येईल ते लिहून दे म्हणाले, लोकांना वाचायला देऊ.

मनात एकच येतंय. शनिवारी डॅड येईल का?

हे लोकांना वाचायला देण्यासारखं नाही. तरी लिहिते.

कीफर!

म्हणजे मी. मैदानावर डॅडने मला कधी डार्सी म्हटलं नाही. डॅड गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतो. पाचशे गुरं एकदम हंबरत असतात, वर पत्र्याचं छप्पर, आणि त्या कल्लोळातून शेवटच्या बाकावर बसलेल्या शेतकऱ्याला आकडा ऐकू गेला पाहिजे. तो आवाज घेऊन माणूस सहा वर्षांच्या मुलींचा सामना बघायला आला की काय होतं, ते आमच्या गावातल्या लोकांना विचारा. मी बॉलच्या जवळ गेले की "कीफर!" लांब गेले की "कीफर!" एकदा मी बुटाची नाडी बांधायला बसले होते तेव्हाही "कीफर!"

"वॉल्ट, अरे ती नाडी बांधतेय," मॉम म्हणाली.

"मग नीट बांधू दे!"

इंडियानात मुलांच्या लीगमध्ये दर शरद ऋतूत एक शनिवार असा असतो की पालकांनी ओरडायचं नाही. टाळ्या वाजवायच्या, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. मुलांना स्वतःचं स्वतः खेळू द्यायचं. आणि आईबापांना हे आपल्या जिवावर जमणार नाही हे ठाऊक असल्यामुळे फाटकातच प्रत्येकाच्या हातात एक लॉलीपॉप देतात. तोंडात ठेवा, गप्प बसा. मुका शनिवार.

डॅडने पहिला लॉलीपॉप खेळ सुरू व्हायच्या आत कडाकडा चावून संपवला. फाटकावरच्या बाईंनी दुसरा दिला. मध्यंतरापर्यंत चार झाले. संत्र्याच्या फोडी घ्यायला मी धावत आले तर याची जीभ निळी, कान लाल, आणि डोळ्यांत पाणी.

"याला काय झालंय?" मी मॉमला विचारलं.

"काही नाही. तुझं आडनाव घशात अडकलंय."

सगळे हसले. मीही हसले. पण एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. त्या शनिवारी मला मैदान फार मोठं वाटलं. मी कुठे उभी आहे तेच कळेना. तो आवाज डावीकडून आला की मला माझी डावी बाजू सापडायची. ओरडा नसला की मी नुसती गवतावर उभी असलेली एक मुलगी.

(दोन्ही एकदम)

पहिला व्यावसायिक सामना. एप्रिल, फोर्ट वेन, थंडी, पाऊस पडून गेलेला. लीगही नवी, क्लबही नवा, नऊशे लोक आले होते. त्यात मॉम आणि डॅड, मुख्य स्टँडमध्ये, मधल्या रांगेत. मीच जागा दाखवून आले होते.

एकाहत्तरावं मिनिट. शून्य-शून्य. उजवीकडून उंच बॉल आला. मी आमच्या गोलकडे तोंड करून मागे धावत होते. गोलकडून ओरडा आला. मी ऐकलं: कीफर! म्हणजे तू घे. मी उडी मारली आणि डोक्याने बॉल मारला.

बॉल हॅटीच्या बोटांवरून आमच्याच जाळ्यात.

हॅटी ड्वोराक आमची गोलकीपर. तिचाही पहिलाच सामना. ती पुढे आलेली, दोन्ही हात वर, तोंड अजून उघडं.

"मी कीपर म्हणाले!"

"तू कीफर म्हणालीस!"

"मी तुझं नाव कशाला घेईन? मला तुझं नावसुद्धा नीट ठाऊक नाही!"

तेही खरं होतं. आम्ही संघात येऊन बाराच दिवस झाले होते. आम्ही एक-शून्यने हरलो. लीगच्या इतिहासातला पहिला स्वयंगोल माझा. हे कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

सामन्यानंतर डॅड पार्किंगमध्ये पिकअपला टेकून उभा होता. पाचशे गुरांवर मात करणारा माणूस, पण माझ्याकडे न बघता टायरकडे बघत पुटपुटला, "बॉल ओला होता."

"हो," मी म्हणाले.

"ओला बॉल सटकतो."

मग तो गाडीत बसला. त्यानंतर तो माझा एकही सामना बघायला मैदानावर आला नाही. अकरा वर्षं.

भोपळा!

दुसऱ्या दिवशी सकाळी कोच रेनरने आम्हा दोघींना ऑफिसात उभं केलं. "तुमच्यापैकी एकीने आडनाव बदला, नाहीतर दुसरीने शब्द बदला. लग्नबिग्न करायचं असेल तर आजच करा."

"मी हिच्यासाठी नवरा शोधणार नाही," हॅटी म्हणाली. "शब्दच बदलते."

हॅटीचं घर इलिनॉयमधलं. तिच्या वडिलांचं भोपळ्याचं शेत, काकांचं भोपळ्याचं शेत, शेजाऱ्यांचं भोपळ्याचं शेत. ऑक्टोबरात तिच्या गावात दुसऱ्या रंगाची वस्तूच दिसत नाही. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "भोपळा. मी भोपळा ओरडले की तू बॉलला हात… म्हणजे डोकं लावायचं नाही."

"भोपळा?"

"दुसऱ्या कुठल्या शब्दासारखा ऐकू येतो का तो तुला?"

नाही येत. भोपळा हा भोपळ्यासारखाच ऐकू येतो.

पहिल्यांदा समोरच्या संघाची फॉरवर्ड तो ओरडा ऐकून चक्क थांबली आणि तिने हॅटीकडे बघितलं. तेवढ्यात बॉल हॅटीच्या हातात. पुढे पुढे प्रेक्षक आमच्या गोलमागे खरे भोपळे आणून ठेवू लागले. समोरच्या संघाच्या नावापुढे भोपळा राहिला की सामना संपल्यावर त्यातला एक फोडायचा. असे अठ्ठावन्न भोपळे आम्ही दोघींनी मिळून फोडले. कागदावर हा आकडा छापलेला नाही, म्हणून लिहून ठेवते.

भांडण मात्र मिटलं नाही. बसमध्ये, विमानात, बर्फाच्या टबात, तिच्या लग्नात भर जेवणात.

"तू कीफर म्हणालीस."

"मी मरताना शेवटचा शब्द बोलेन, तो कीपर असेल."

वर!

म्हणजे चला, सगळ्यांनी मिळून रेषा पुढे न्या. बचावात एकटीने पुढे जाऊन चालत नाही, एकटीने मागे राहूनही चालत नाही. चौघींनी एका पावलात जायचं. माझ्या कारकिर्दीचं असंच आहे, मी एकटीने कुठेच गेले नाही.

लीगच्या क्लबांनी नव्या खेळाडू निवडल्या त्यात माझा नंबर एकतिसावा होता, छत्तिसांपैकी. मिसेस योडरने आपल्या घराचं तळघर मला चार मोसम राहायला दिलं. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली माझा पलंग. ती रोज रात्री जिन्यावरून विचारायची, "आज जिंकलात का?" मंगळवारीसुद्धा. मी म्हणायचे, "आज सराव होता, मिसेस योडर." ती म्हणायची, "मग सरावात जिंकलात का?"

हिवाळ्यात मी शाळेच्या जिममध्ये लहान मुलींना शिकवायचे. पहिला धडा: बॉलकडे नाही, माणसाच्या कमरेकडे बघा. पाय फसवतात, डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. हे मला कुणी शिकवलं? डॅडने. गुराने कुठे वळायचं ठरवलंय ते त्याच्या खांद्यावरून कळतं, म्हणायचा. मी खांद्याची कंबर केली, बाकी सगळं त्याचंच.

मागे आहे!

म्हणजे सांभाळ, पाठीमागून कुणीतरी येतंय.

पाचवा मोसम. डावा गुडघा. कुणी ओरडलं नाही.

(ओरडा नाही)

ऑपरेशननंतर नऊ महिने. त्यात डॅड हॉस्पिटलमध्ये तीनदा आला. घरी रोज आला. मिसेस योडरच्या जिन्याला त्याने दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून दिला. मी पहिल्यांदा कुबडी सोडून बारा पावलं चालले तेव्हा तो अंगणात माझ्यापुढे उलटा चालत होता, दोन्ही हात पसरून, एक शब्द न बोलता.

म्हणजे तो यायचा. फक्त मैदानावर यायचा नाही.

आधी म्हणाला शनिवारी लिलाव असतो. लिलाव पूर्वीही शनिवारीच असायचा. तेव्हा माझे सामने असले की काका पुकारायचा. मग म्हणाला पाठ. मग पिकअप. मग पिकअपची पाठ. मॉम प्रत्येक सामन्याला यायची. एकदा तिनेच सांगितलं की तो बाजाराच्या ऑफिसात बसून फोनवर माझा सामना बघतो.

"मग इथे का नाही येत?"

"मला काय विचारतेस? तेही आवाज बंद करून बघतो."

मी त्याचा एकच अर्थ लावला. नऊशे लोकांसमोर मी त्याचं आडनाव जाळ्यात घातलं, ते त्याला ऐकवत नाही. नंतरच्या दोनशे बारा सामन्यांत मी ते बाहेर काढायचा प्रयत्न करत होते. प्रत्येक मोसमाच्या शेवटच्या घरच्या सामन्याचं तिकीट त्याला पाठवत होते. मॉमच्या शेजारची खुर्ची. त्या खुर्चीवर मॉमची पर्स बसायची.

या बुधवारी मी फोन केला.

"डॅड, शनिवारी शेवटचा."

"माहितेय."

"कोच म्हणाली शेवटच्या दहा मिनिटांत बाहेर काढेन. लोक उभे राहून टाळ्या वाजवतील वगैरे."

"वाजवू दे की."

"मी लिलाव लावतेय, ऐक. मॉमच्या शेजारची खुर्ची. एक वार."

त्याने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"दोन वार."

त्याचा श्वास ऐकू येत होता. मागे एक वासरू ओरडत होतं.

"तिसरा वार शनिवार, डॅड."

"बघू," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

कागद इथे संपला. मी तो क्लबला दिला नाही. त्यांना दोन ओळी लिहून दिल्या: सगळ्यांचे आभार, भोपळे आणायला विसरू नका.

(पुढचं रविवारी, कागदाच्या मागच्या बाजूला)

सामना दुपारी एकचा. ऊन, वारा नाही, गवत कोरडं. पाच हजार लोक. मी रांगेत उभी राहून स्टँडकडे पाहिलं. मॉम होती. शेजारी पर्स होती.

पहिल्या अर्ध्या तासात मी चार वेळा बघितलं. पर्सच. मध्यंतराला बघितलं. पर्स.

"आणखी एकदा बघितलंस तर मी तुला लाथ घालेन," हॅटी म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. "शून्य-शून्य आहे. मला आज भोपळा फोडायचाय. रडायचं ते नंतर रड."

"मी रडत नाहीये."

"मग नाक का गळतंय? गवताची ॲलर्जी? अकरा वर्षांनी?"

साठावं मिनिट झालं असेल. बॉल मैदानाच्या बाहेर गेला म्हणून मी तो आणायला आमच्या गोलच्या मागे वळले. तिथे कमरेइतकं कुंपण आहे, भोपळे ठेवतात तिथे. भोपळ्यांच्या मागे पशुखाद्याची जुनी टोपी घातलेला एक माणूस उभा होता. मुठी कुंपणावर घट्ट. आणि ओठांतून बाहेर आलेली पांढरी काडी.

मी बॉल उचलायचा विसरले.

त्याने हात हलवला नाही. काडी फक्त डाव्या गालातून उजव्या गालात गेली. कान लाल झाले होते.

"कीफर बाई!" पंच ओरडली. "आज खेळायचंय का?"

मी बॉल घेऊन आले, हॅटीला दिला. "तुझ्या मागे डॅड आहे."

"मग हसतेस का रडतेस?"

"त्याच्या तोंडात लॉलीपॉप आहे."

"बरं मग?"

"आज मुका शनिवार आहे."

"डार्सी, तुझ्या डोक्यावर आज कोण आदळलंय?"

सांगायला वेळ नव्हता. पण मी धावत धावत विचार करत होते. स्टँडमध्ये खुर्ची ठेवली होती, मग तो गोलमागे का? तिथे कुंपणापाशी कसं उभं राहायचं, कुठून सगळं दिसतं, हे त्याला कसं ठाऊक? त्याला गेटमधून सरळ तिथे जाताना कुणी वाट दाखवली नसणार. तो तिथे आधी कधीतरी येऊन गेलेला होता.

आणि या मैदानावर तो एकदाच आला होता.

उजवीकडून उंच बॉल आला. मी आमच्या गोलकडे तोंड करून मागे धावले. तोच बॉल, असं मला वाटलं. गोलकडून ओरडा आला, "भोपळाऽऽ!" मी मान खाली घातली. हॅटीचा गुडघा माझ्या पाठीवर घासला आणि बॉल तिच्या छातीशी बसला. तिच्या मागे कुंपणावर दोन मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. काडी ताठ.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला बॉल आमच्या गोलरेषेबाहेर गेला आणि रेषेवर पाटी वर झाली. लाल आकड्यात चार.

पूर्वी बदलीच्या वेळी सगळं मैदान ओलांडून बाकाकडे चालत जायचे. आता नियम असा आहे की जी रेषा जवळ असेल तिथून बाहेर पडायचं. वेळ वाया घालवायचा नाही. मी आमच्या गोलच्या दारात उभी होते. मला जवळची रेषा म्हणजे हॅटीच्या खांबाशेजारची. पाच हजार लोक उभे राहिले, स्टँडकडे तोंड करून मी हात जोडले, कप्तानाची पट्टी काढून हॅटीच्या दंडावर चढवली. तिने मला इतकं घट्ट धरलं की तिच्या हातमोज्यांचा चिकट वास अजून माझ्या शर्टला आहे.

"जा. तुझी गुरं वाट बघताहेत," ती कानात म्हणाली.

मी गोलरेषा ओलांडली. चार पावलांवर तो होता. मध्ये भोपळे.

"काढ ते तोंडातून."

त्याने मान हलवली. नाही.

"डॅड."

नाही. डोळ्यांत पाणी, जीभ नक्कीच निळी.

"माझी उजवी-डावी चुकतेय, डॅड. अकरा वर्षं. ओरड."

त्याने हळूच काडी बाहेर काढली. टोपी काढली. पत्र्याच्या छपराखाली पाचशे गुरांवरून पुकारतो तसा श्वास घेतला, आणि बारीक, चिरत जाणाऱ्या आवाजात मोठ्याने पुकारलं:

"कीफर!"

मी ऐकलं. गोलकिक घ्यायला वाकलेली हॅटी जागच्या जागी ताठ झाली. ती वळली. तिने माझ्याकडे बघितलं, मग डॅडकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"हाच!" ती किंचाळली. "हाच तो आवाज! हा होता माझ्या मागे! मी कीपर म्हणाले होते! पंच, ऐकलंत का? मी कीपर म्हणाले होते!"

पंचबाईंनी शिट्टी वाजवली. हॅटीने दोन्ही हात आकाशाकडे केले. पंचबाईंनी पिवळं कार्ड काढलं, वेळ घालवल्याबद्दल. हॅटीने त्या कार्डाकडे असं बघितलं जणू तिला पदक मिळालंय.

डॅडने टोपी दोन्ही हातांत चुरगाळली होती. तो टायरकडे बघतो तसा भोपळ्यांकडे बघत होता.

"मध्यंतरानंतर तुला जवळून बघायला म्हणून इकडे आलो होतो," तो म्हणाला. "पहिलाच सामना होता. मला राहवलं नाही."

अकरा वर्षांत हा माणूस मला सांगू शकला असता. फोनवर, हॉस्पिटलमध्ये, कठडा ठोकताना. त्याऐवजी त्याने स्वतःला गप्प केलं. माझ्या मैदानावर आपला आवाज पुन्हा पडू नये म्हणून बाजाराच्या ऑफिसात बसून, फोनचासुद्धा आवाज बंद करून. मी समजत होते की त्याला माझी लाज वाटते.

"बॉल ओला नव्हता," तो म्हणाला.

"थोडा होता."

"नव्हता, डार्सी."

पहिल्यांदाच मैदानावर त्याने मला डार्सी म्हटलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

"कीफर म्हण," मी म्हणाले.

मी भोपळे ओलांडले आणि कुंपणावर बसले. मोजे खाली केले, गुडघ्यावर बाकावरून पाठवलेला बर्फ ठेवला. सहा मिनिटं राहिली होती. डॅडने खिशात हात घातला. तिथे आणखी पाच लॉलीपॉप होते. पूर्ण सामन्याची तयारी करून आला होता. त्यातला लाल मला दिला.

त्या सहा मिनिटांत त्यांचा एक कॉर्नर आला. माझ्या जागेवर आलेली मुलगी एक पाऊल मागे राहिली. मी लॉलीपॉप बाहेर काढला, त्यानेही काढला, आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, "वर!"

ती दचकली. पण वर गेली.

"भोपळाऽऽ!" हॅटी पुढे आली.

सामन्यानंतर फोडला, एकोणसाठावा.